दूध फाटलं, चंद्र गायब आणि स्पीकरवर आत्याबाई

कोजागिरी जवळ आली की आमच्या टपालात दोन प्रकारची पत्रं येतात, एक मसाला दुधाची रेसिपी विचारणारी आणि दुसरी मसाला दुधाचं काय झालं ते सांगणारी. या वेळी दुसरा गठ्ठा जाड आहे. रेसिपीवाल्यांनी रागावू नका, तुमची उत्तरं पण यातच कुठेतरी सापडतील. पहिलं पत्र लांब आहे पण मी एक ओळ कापली नाही, वाचा म्हणजे कळेल का ते.

प्रश्न: ताई नमस्कार. तुमचं सदर आमच्या सासूबाई पण वाचतात त्यामुळे नाव छापू नका, नुसतं डोंबिवली लिहा, डोंबिवलीत थोरल्या सुना काय कमी आहेत का. तर आमच्याकडे कोजागिरीला अख्खं सासर गच्चीवर जमतं, ही पद्धत सासऱ्यांच्या वडलांपासूनची. गेल्या वर्षी पंचवीस माणसं धरली होती, पण नणंदबाईंनी त्यांच्या सासरच्यांनाही बोलावून ठेवलेलं आणि ते आम्हाला संध्याकाळी सहा वाजता कळलं, मग पुतण्याला वाढीव दुधाच्या पिशव्या आणायला पिटाळलं, त्याने आणल्या, पण सरळ घरी न येता तो स्कूटरच्या डिकीत पिशव्या ठेवून मित्रांबरोबर कट्ट्यावर बसला ते साडेआठला उगवला.

लिफ्ट बंद. छोटा सिलेंडर, शेगडी, मोठं पातेलं, भेळेचं सामान, सतरंज्या सगळं चार मजले हातांनी वर नेलं. पहिलं पाच लिटर दूध गच्चीवर छान उकळलं, आटायला पण लागलं, वास असा सुटला की शेजारच्या विंगमधून लोक वाकून बघायला लागले. तेवढ्यात पाऊस. नुसता शिडकावा नाही, विजा-बिजांसकट. ताडपत्री बांधायला दोघं धावले ती त्यांच्याच अंगावर आली. दोन्ही जावयांनी गरम पातेलं फडक्यात धरून जिन्याने खाली आणलं (जावयांना कामाला लावलं म्हणून सासूबाई अजून मला ऐकवतात) आणि आम्ही चौतीस माणसं टू बीएचकेच्या हॉलमध्ये.

खाली किचनच्या गॅसवर पातेलं चढवलं, त्यात डिकीतलं दोन लिटर ओतलं, आणि मला बाहेर बोलावलं कारण मुलीला ओवाळायचं होतं. माझी मोठी मुलगी घरातलं थोरलं नातवंड, ती शिकायला जर्मनीला, म्हणून व्हिडिओ कॉल लावून मोबाइललाच पाटावर उभं केलं. सासूबाईंनी कुंकू लावलं ते बरोब्बर वरच्या कॅमेऱ्यावर. त्यात त्यांनी निरांजन फिरवलं. तिकडून मुलगी ओरडायला लागली, मम्मी तुमच्याकडे आग लागलीय का, सगळं लाल लाल दिसतंय. इकडे सासूबाई म्हणतात बघ किती भरून आलंय पोरीला.

आता आत्याबाई. म्हणजे ह्यांच्या आत्या. त्या बेडरूममध्ये जाऊन स्वतःच्या बहिणीला पाठवलेला व्हॉइस मेसेज परत ऐकत होत्या, नीट गेला का बघायला, आणि त्यांचा फोन गणपतीत गाणी लावायला आमच्या ब्लूटूथ स्पीकरला जोडला होता तो आपोआप परत जोडला गेला. हॉलमध्ये फुल आवाजात आलं, "दूध म्हणजे नुसतं पांढरं पाणी असतं गं यांच्याकडे, चारोळ्या तर मोजून घालतात." चौतीस माणसं गप्प. सासऱ्यांना कमी ऐकू येतं, ते म्हणाले कोण बाई आहे ही रेडिओवर, अगदी खरं बोलतेय.

ह्या सगळ्यात दहा मिनिटं गेली आणि किचनमध्ये जाऊन बघते तर दूध फाटलेलं. नुसतं फाटलं नाही, गाठी झालेल्या. धाकटी जाऊ हुशार, म्हणाली रसमलाई म्हणून वाढू, आणि वाढलं खरंच, चमचे देऊन. पुढे साडेदहालाच जो तो जिथे बसला होता तिथे झोपला. जागरणाच्या रात्री! जायफळ सासूबाईंनी घातलं, जावेने घातलं आणि मी पण घातलं, प्रत्येकीने अर्धं अर्धं, एकमेकींना न विचारता. पाऊस अकराला थांबला आणि चंद्र असा स्वच्छ निघाला म्हणे, म्हणे म्हणजे वॉचमनने फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, शुभ कोजागिरी लिहून.

आता माझे प्रश्न. दूध माझ्यामुळे फाटलं का, कारण "थोरलीने गॅसवर सोडून दिलं" असंच सगळीकडे सांगितलं जातंय. सगळे जायफळाने झोपले का. आत्याबाई तेव्हापासून फोन उचलत नाहीत, म्हणजे बोलल्या त्या आणि रुसल्या पण त्याच, तर करायचं काय. आणि यंदा परत आमच्याकडेच आहे. किचनमध्ये त्या दहा मिनिटांत कोण कोण होतं ते पण लिहिते, नणंद भेळ कालवत होती, आणि ठाण्याचे चुलत सासरे दोनदा "वास कसा सुटलाय बघतो" म्हणून आत जाऊन आले. — थोरली सून, डोंबिवली

उत्तर: थोरल्या सूनबाई, आधी निकाल सांगते आणि मग कारणं. नुसतं गॅसवर सोडून दिल्याने दूध उतू जातं, खाली लागतं, फाटत नाही. एवढं वाक्य कापून फ्रिजवर लावा.

दुधात केसिन नावाचं प्रथिन असतं, त्याचे बारीक बारीक कण दुधात तरंगत राहतात, एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून दूध एकसारखं दिसतं. आंबटपणा वाढला की ते चिकटायला लागतात. ताज्या दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आंबट) साडेसहाच्या थोडा वर, ६.६ ते ६.७. गार दूध साधारण ४.६ पर्यंत उतरल्यावर दह्यासारखं धरतं, पण उकळायला ठेवलेलं दूध इतकं थांबत नाही, थोडाही आंबटपणा असला तरी गॅसवर गाठी. म्हणूनच पिशवी फोडून वास घेतला तर ठीक वाटतं आणि तेच दूध तापवलं की दगा देतं.

आता तुमचा घटनाक्रम बघा. पहिलं पाच लिटर गच्चीवर उकळून आटलं, काही झालं नाही. म्हणजे ते दूध निर्दोष, पातेलं निर्दोष, तुम्ही पण निर्दोष. गडबड खाली आल्यावर झाली. पहिला संशय डिकीवर. पाश्चराइज्ड दूध म्हणजे कायमचं सुरक्षित दूध असं पुष्कळ जणांना वाटतं, पण त्यात जंतू थोडे राहतातच, फ्रिजमध्ये चार-पाच डिग्रीला ते गप्प बसतात आणि ऑक्टोबर हीटमध्ये, बंद डिकीत, गरम सीटखाली दोन-अडीच तास मिळाले की कामाला लागतात. ते दूध तुम्ही वेगळं न तापवता थेट चांगल्या दुधात ओतलंत. ही एक चूक आहे, पण घाईत चौतीस माणसं हॉलमध्ये बसलेली असताना मी तरी कोणाला बोल लावणार नाही. यंदा एवढंच करा, बाहेर राहिलेल्या प्रत्येक पिशवीतलं वाटीभर दूध छोट्या पातेलीत उकळून बघायचं. टिकलं तर मोठ्या पातेल्यात, फाटलं तर त्या पिशवीचं पनीर.

दुसरा संशय भेळेचा. नणंदबाई भेळ कालवत होत्या म्हणजे चिंचेची चटणी होती, आणि घाईत एकच डाव दोन्हीकडे फिरतो हे कुठल्याही किचनमध्ये होतं, कोणी मुद्दाम करत नाही. चिंच म्हणजे टार्टरिक ॲसिड. सात लिटरला एका डावाला लागलेली चटणी एरवी पुरणार नाही, पण दूध आधीच काठावर असेल तर तेवढा धक्का बास होतो. तिसरा संशय असा की कोणीतरी गरम दुधात गूळ टाकला. गूळ थोडा आंबट असतोच, त्यात क्षार पण असतात, आणि उकळत्या दुधात पडला की जवळजवळ हमखास फाटतं. गुळाच्या खिरी करणाऱ्या बायका म्हणून गॅस बंद करून, दूध कोमट झाल्यावरच गूळ घालतात. तुमच्या पत्रात गुळाचा उल्लेख नाही, पण वास बघायला दोनदा आत जाणारा माणूस मला सहसा नुसता वास बघणारा वाटत नाही. यावर जास्त बोलत नाही, पुढे तिसरं पत्र आहे ते वाचा.

हे सगळं जाऊ दे, मूळ भानगड मला वेगळीच दिसते. पातेल्याला मालक नव्हता. जायफळ तिघींनी घातलं, दूध पुतण्याने आणलं, ओतलं कोणी ते तुम्हालाही नीट आठवत नसेल, ढवळलं जो येईल त्याने. प्रत्येकजण प्रेमानेच हात लावत होता हो, पण सात लिटर दुधाला सोळा प्रेमळ हात लागले की असंच होतं. यंदा एका माणसाला पातेल्याशी उभं करा, बाकी कोणी काही घालायचं नाही, घालायचं असेल तर त्या माणसाच्या हातात द्यायचं. तो माणूस कोण ते सांगते थोड्या वेळाने.

जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. रसमलाई म्हणून वाढणं हे संकटातलं शहाणपण आहे, पण पुढच्या वेळी त्याहून सोपं म्हणजे कलाकंद. साखर पडलेलं दूध फाटलं आणि आंबट वास येत नसेल तर फेकू नका, मंद गॅसवर सगळं पाणी आटेपर्यंत परतत राहा, कलाकंद करणारे तर मुद्दाम थोडं फाडूनच करतात. साखर पडायच्या आधी फाटलं तर गाळून पनीर आणि खालच्या पाण्यात सकाळची कणीक. डिकीतलं दूध आंबूस लागत असेल तर मात्र ह्यातलं काहीच करू नका, सरळ ओतून द्या.

जायफळाचं ऐका. जायफळात मिरिस्टिसिन असतं आणि ते जास्त पोटात गेलं तर मळमळ, तोंडाला कोरड, धडधड, गुंगी असे त्रास होतात हे खरं आहे, त्यामुळे गंमत म्हणूनही कोणी प्रयोग करू नये. पण अख्खं जायफळ साधारण पाच ते सात ग्रॅम भरतं, तिघींचं मिळून दीड झालं, ते चौतीस जणांत वाटलं गेलं, माणशी चिमूटभर. शिवाय त्याचा परिणाम दिसायला काही तास जातात, तुमची मंडळी तर तासाभरात आडवी झाली. चार मजले सामान चढवलं, उतरवलं, भिजलात, भेळ खाल्लीत, वर गरम गोड दूध, कोंदट हॉल. झोप नाही येणार तर काय. तरी सांगते, सहा-सात लिटरला पाव जायफळ भरपूर झालं, वेलची सढळ हाताने घाला. आणि पातेल्याच्या तळाशी बसलेला मसाला लहान मुलांच्या पेल्यात जाऊ देऊ नका, तिथे सगळा साठलेला असतो.

पाऊस. आपल्याकडे लोक कोजागिरी म्हणजे पावसाळा संपला असं धरून चालतात, पंचांगात शरद ऋतू लिहिलेला असतो ना. हवामान खात्याने २०२० मध्ये तारखा सुधारल्या तेव्हा मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर आणली. आणि कोजागिरी २०२५ मध्ये आली ६ ऑक्टोबरला. म्हणजे सरासरीच्या हिशोबानेही पाऊस अजून गावातच. २०२४ ला १६ ऑक्टोबर होती पण परतीचा पाऊस काय तारखा बघून गडगडत नाही. त्यामुळे दूध घरातच करा, हॉल हीच जागा धरा, गच्ची मिळाली तर बोनस. पुरी पौर्णिमा असल्याने चंद्र मावळतीच्या सुमारासच उगवतो आणि मध्यरात्री डोक्यावर येतो, रात्रभर कधीही ढग हटले तरी पेला घेऊन पाच मिनिटं वर जाऊन येता येतं. सिलेंडर जिन्याने वर न्यायचा आणि वाऱ्याला आडोसा म्हणून त्याच्याभोवती पत्रे लावायचे हा प्रकार तर बंदच करा, सिलेंडरला मोकळी हवा लागते.

मोबाइलला ओवाळणं मला फार आवडलं, उगाच हसू नका कोणी, थोरल्या अपत्याला आश्विनी करायची आपली पद्धत आहे आणि पोरगी लांब असेल तर आईने काय करायचं. फक्त कुंकू मागच्या कव्हरवर लावा आणि निरांजन वीतभर लांबून फिरवा.

उरल्या आत्याबाई. त्यांच्याकडे तो विषय काढू नका, "तुमचं मनाला लावून घेतलं नाही हं" असं तर अजिबात म्हणू नका, त्याने जास्त लागतं. आणि स्पष्ट बोलू का, आत्याबाई चुकीच्या जागी बोलल्या, चुकीचं बोलल्या असं नाही. चौतीस माणसांना सात लिटर म्हणजे न आटवता सुद्धा माणशी दोनशे मिलि, आणि पिशवी कुठली होती ते तुम्ही लिहिलं नाहीत. टोन्ड दुधात फॅट तीन टक्के असतं, फुल क्रीममध्ये सहा. टोन्ड कितीही आटवलं तरी बासुंदीचा घट्टपणा येत नाही, पांढरं पाणी म्हणणारं माणूस निघतंच. यंदा फुल क्रीम आणा, लिटरला ऐंशी-नव्वद ग्रॅम साखर, केशर आधी कोमट दुधात भिजवून. चारोळ्या नव्या आणा, उरलेल्या गेल्या वर्षीच्या असतील तर एक चावून बघा, चारोळी लवकर खवट होते आणि एक खवट चारोळी अख्खा पेला घालवते.

मग आत्याबाईंना फोन करा, उचलला नाही तर घरी जा, आणि म्हणा, यंदा पातेल्याशी तुम्हीच उभ्या राहायचं, आम्हाला कोणाला जमत नाही. चारोळ्यांची पुडी पण त्यांच्याच हातात द्या, मोजून घालू देत नाहीतर ओतू देत. आणि घरी परत आल्यावर स्पीकरच्या यादीतून त्यांचा फोन काढून टाका, हे त्यांना सांगायची गरज नाही.

सासूबाई, तुम्ही हे वाचताय असं कळलंय. जावयांनी पातेलं उचललं त्यात काही बिघडलं नाही हो. आवडलं असेल त्यांना.

प्रश्न: आमच्याकडची कोजागिरी दुधाने नाही, ग्रहणाने बिघडली होती. २०२३ ला कोजागिरीच्या रात्रीच चंद्रग्रहण होतं ते आठवत असेल. हिने दुपारपासून वेध धरले. नातवंडं सुट्टीला आलेली, ती म्हणतात दूध द्या, ही म्हणते तुळशीपत्र टाकलंय पण मोक्षानंतर. दूध ओट्यावर झाकून, पोरं त्याच्याभोवती फेऱ्या घालताहेत. रात्री एकला गजर लावून सगळ्यांना गच्चीवर नेलं तर चंद्राचा एवढासा टवका गेलेला, धाकटा म्हणाला आजोबा एवढ्यासाठी उठवलं? मग अडीच वाजता हिने सगळ्यांना आंघोळीला लावलं, एक गीझर, नऊ माणसं, शेवटच्या तिघांना गार पाणी. आणि त्यानंतर दूध तापवलं तर तेही गेलं. ही म्हणते ग्रहणाने नासलं. विज्ञान काय म्हणतं ते छापा म्हणजे मला दाखवता येईल. — एक आजोबा, नाशिक

उत्तर: आजोबा, छापते पण दाखवायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मला त्यात पाडू नका. ते खंडग्रास ग्रहण होतं, आपल्याकडे रात्री १ वाजून ५ मिनिटांच्या सुमारास लागलं आणि २ वाजून २३-२४ मिनिटांनी सुटलं, जास्तीत जास्त झाकला गेला तो चंद्राच्या व्यासाचा बाराएक टक्के भाग. टवका हा शब्द बरोबर आहे. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, दुधावर नाही. दूध दुपारी ओट्यावर ठेवलेलं आणि रात्री अडीचला तापवलं, तेवढ्या वेळात ते कोणत्याही पौर्णिमेला आणि कोणत्याही अमावास्येला गेलं असतं. आजींना वेध पाळायचे तर पाळू देत की, तुळशीपत्र टाकून पातेलं फ्रिजमध्ये ठेवायला शास्त्राची हरकत असल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. मुलं, म्हातारी माणसं, आजारी ह्यांना तर जुन्या जाणत्या बायकाही वेधातून सूट देतात. आणि आंघोळीचा नंबर लावताना पुढच्या वेळी स्वतःचा शेवटी लावा, नातवंडं आयुष्यभर आठवण ठेवतील.

प्रश्न: मी रिटायर्ड, शुगर आहे. साखर बंद केली, गूळ चालू ठेवला कारण गुळाने शुगर वाढत नाही असं मोबाइलवर आलं होतं. कोजागिरीला आम्ही मोठ्या भावाकडे जमतो. तिथे दुधात साखर घालतात आणि मला वेगळं काढा म्हणायला बरं वाटत नाही, आपण कुठे पथ्यं सांगत बसायचं. म्हणून गेल्या वर्षी मी घरूनच स्टीलच्या डब्यात किसलेला गूळ नेला, पाव किलो असेल, आणि विचार केला एकट्याने का, सगळ्यांच्याच तब्येतीला बरा, म्हणून पातेल्यातच घातला, दोन हप्त्यांत. नंतर दुधाचं काहीतरी झालं, तो वेगळा विषय. माझा प्रश्न एवढाच की गूळ चालतो ना? — एक काका, ठाणे

उत्तर: काका, तो वेगळा विषय नाही.

गूळ चालत नाही. गुळाचा मोठा भाग म्हणजे सुक्रोजच, साखरेत असतं तेच, त्यात थोडं लोह आणि क्षार असले तरी रक्तातली साखर वाढायची ती वाढतेच. वर दुधाची स्वतःची साखर असते, शंभर मिलिला पाचएक ग्रॅम लॅक्टोज, ती वेगळी. तुम्हाला किती आणि काय चालेल ते तुमचे डॉक्टर सांगतील, मोबाइल नाही. साखर घालायच्या आधी अर्धा पेला बाजूला काढून त्यात वेलची-केशर घातलं तरी छान लागतं, आणि ते मागायला लाजायचं काय कारण, आजकाल प्रत्येक घरात दोन-तीन पेले बिनसाखरेचे निघतातच.

तुमचं पत्र आणि डोंबिवलीचं पत्र एकाच अंकात आलं हा योगायोग समजा. ठाण्याचे काका पण पुष्कळ असतील. पण यंदा भावाकडे जाताना डबा रिकामा न्या, किंवा असं करा, येताना दोन लिटर फुल क्रीम घेऊन जा, कोणी विचारलं का तर म्हणा असंच, मनात आलं. थोरल्या सुनेच्या हातात द्या पिशव्या. ती समजेल. नाही समजली तरी दूध कामाला येईल.

प्रश्न: सोसायटीत कोजागिरीला कराओके ठेवतो, दरवर्षी दहा वाजता दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ पोलिसांना फोन करतात. सणाच्या दिवशी तरी बारापर्यंत परवानगी असते ना? गेल्या वर्षी पोलीस आले तेव्हा नेमके आमचे सेक्रेटरी गात होते आणि डोळे मिटून गात होते, त्यामुळे त्यांना कळलंच नाही, अख्खं कडवं हवालदारांसमोर झालं. — सांस्कृतिक समिती, पुणे

उत्तर: हवालदारांनी कडवं पूर्ण होऊ दिलं म्हणजे माणूस रसिक होता. नियम सांगते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० चे आहेत, त्यात रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद, आणि राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. बारापर्यंतची सूट राज्य सरकार देऊ शकतं पण वर्षाला जास्तीत जास्त पंधराच दिवस, आणि ते दिवस सरकार ठरवतं, सांस्कृतिक समिती नाही. तुमच्या जिल्ह्याच्या यादीत कोजागिरी आहे का ते आधी बघून घ्या. नसेल तर कराओके सातला सुरू करा आणि दहाला स्पीकर काढून भेंड्या लावा. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना कधी दूध पाठवलंय का, हा माझा उलट प्रश्न.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत. इथे कोजागिरी मधल्या वारी आली की पुढच्या शनिवारी हॉल घेऊन करतो. गेल्या वेळी आठला दूध तयार, सगळे नटूनथटून पार्किंगमध्ये उभे, चंद्राचा पत्ता नाही, थंडीत अर्धा तास थांबून लहान मुलं रडायला लागली, शेवटी एकाने पार्किंगच्या दिव्याकडे बघूनच नमस्कार केला आणि त्याच्या मागे दहा जणांनी केला. असं का होतं? — एक कार्यकर्ती

उत्तर: पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो, सरासरी पन्नासेक मिनिटांनी, शरदात तुमच्या तिकडे थोडा कमी फरक पडतो, पण चार-पाच दिवस गेले की तो झोपायच्या वेळेलाच येणार. आणि येईल तोही कापलेला. शनिवारच हवा असेल तर आदला घ्या. पौर्णिमेच्या आधीच्या तीन-चार दिवसांत चंद्र सूर्य मावळायच्या आतच वर आलेला असतो, पुरा गोल नसला तरी बराच भरलेला दिसतो, मुलं दूध पिऊन वेळेत झोपतील. पंचांगवाले कोणी कुरकुरले तर त्यांना खऱ्या पौर्णिमेला घरी वेगळं दूध करू द्या, कोणी अडवलंय. आणि हॉलवाल्यांना निरांजनाचं आधी विचारून ठेवा, तिकडे धुराचा अलार्म वाजला की फायरची गाडी येते, मग तिच्यातल्या लोकांना पण पेले पुरवावे लागतील.

दूध मात्र तिकडच्या साध्या होल मिल्कचं करत असाल तर त्यात फॅट सव्वातीन टक्क्यांच्या आसपासच असतं, तेव्हा थोडं हाफ अँड हाफ (दूध आणि क्रीम एकत्र केलेलं) मिसळा, नाहीतर तुमच्याकडच्या आत्याबाई काय मेसेज पाठवतील सांगता येत नाही.